पालक रडायला लागले की डेटा शीट बाजूला ठेव

प्रिय,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले, कारण तू जे विचारलंयस ते ऑटिझम असलेल्या मुलांच्या वर्तनावर काम करणाऱ्या आपल्या फील्डमध्ये बऱ्याच जणांच्या मनात असतं पण कुणी उघड विचारत नाही. तू म्हणतेस की प्रोग्रॅम नीट लिहिलेला असतो, फंक्शन, म्हणजे मूल तसं कशासाठी वागतं ते, कळलेलं असतं, सेंटरमधला ग्राफ पण छान दिसतो, आणि तरी घरी काहीच चालत नाही, आणि पॅरेंट ट्रेनिंगला आई-वडील बसले की मधेच कुणीतरी रडायला लागतं आणि तुला कळत नाही आता करायचं काय. आणि मग तुझा दुसरा प्रश्न, की ॲक्ट (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी किंवा ट्रेनिंग), माइंडफुलनेस, करुणा हे जे हल्ली सगळे बोलतात ते कामात आणलं तर आपण बिहेवियर ॲनालिस्ट उरतो का काउन्सेलर होतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी रडण्याचं बघू, कारण ते पुढच्याच सेशनला परत समोर येणार आहे.

तू सुपरव्हिजनसाठी परवानगी घेऊन जे रेकॉर्डिंग पाठवलं होतंस ते मी परत लावून बघितलं. आई म्हणते, "तुम्ही सांगता ते सगळं करते हो मी, पण रात्री तो किंचाळायला लागला ना की मला काही सुचत नाही, मी फोन देऊन टाकते. माझ्यातच काहीतरी कमी आहे." तू मान हलवलीस, "हे खूप कॉमन आहे" म्हणालीस, पान उलटलंस आणि विचारलंस, "या आठवड्यात साधारण किती वेळा झालं?" तिने ओढणीने डोळे पुसले, आकडा सांगितला, आणि नंतर शेवटपर्यंत ती फक्त "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिली.

हे मी तुला ओरडायला लिहीत नाहीये. तू जे केलंस ते आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण करतो, म्हणून आपल्याच पद्धतीने त्याच्याकडे बघ. आईचे डोळे भरून आले, तुझ्या छातीत काहीतरी घट्ट झालं, तू आकड्याचा प्रश्न विचारलास, रडणं थांबलं, छातीतलं घट्टपण गेलं. हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट आहे, नकोसं काही दूर झालं की वागणं पक्कं होतं ते, आणि ते तुझ्या वागण्याला मिळालंय. पुढच्या वेळी कुणी रडलं की तुझा हात अजून लवकर डेटा शीटकडे जाईल. आता तिच्या बाजूने बघ. तिने मोठं धाडस करून खरं सांगितलं, फोन देऊन टाकते हे कबूल केलं, आणि त्यावर तिला मिळालं काय तर एक आकडा विचारणारा प्रश्न. खरं सांगायचं जे वागणं होतं ते तिथेच विझायला लागलं. अजून काही आठवड्यांनी ती अगदी नीट भरलेली शीट आणून देईल, त्यात फोन नसेल, आणि मग आपण मीटिंगमध्ये म्हणणार की पालक खरा डेटा देत नाहीत.

म्हणून मी करुणेला सॉफ्ट स्किल वगैरे म्हणत नाही. तिच्याशिवाय आपला डेटाच खोटा यायला लागतो.

मग करायचं काय? पेन खाली ठेव, अक्षरशः खाली, हातात नको. थोडा वेळ काही बोलू नकोस, तुला तो वेळ फार लांब वाटेल पण तिला नाही वाटणार. मग ती जे बोलली तेच तिच्या शब्दांच्या जवळ राहून परत म्हण, "रात्री तो किंचाळतो तेव्हा तुम्ही एकट्या असता आणि काही सुचत नाही." बरोबर आहे की नाही ते तिला ठरवू दे, ती कदाचित म्हणेल "एकटी नसते, सासूबाई असतात आणि म्हणूनच जास्त होतं", आणि बघ, फंक्शनल असेसमेंटच्या फॉर्ममध्ये कुठेच न आलेली माहिती तुला मिळाली. मग विचार, "आत्ता याबद्दल अजून बोलायचंय, की आपण प्लॅनकडे वळूया?" आणि ती सांगेल तसं कर. "सगळं ठीक होईल" म्हणू नकोस, तुला माहीत नाही ते. "तुम्ही खूप ग्रेट आई आहात" हे पण नको, ती आत्ताच सांगतेय की तिला तसं वाटत नाही, म्हणजे तू तिचं म्हणणं गोड शब्दांत खोडून काढतेस.

आणि हो, हे सगळं मोजता येतं. रेकॉर्डिंग बघून लिही, पालकाने काहीतरी दुखरं सांगितल्यावर तुझं पुढचं वाक्य काय होतं, त्याच्या म्हणण्याला धरून होतं का विषय बदलणारं. तू मुलांचं इतकं बारीक मोजतेस तर स्वतःचं पण मोज. टेलर, ले ब्लांक आणि नोसिक यांनी २०१९ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना त्यांनी विचारलं की तुमच्या बिहेवियर ॲनालिस्टशी तुमचं नातं कसं आहे, आणि त्यातून दिसलं की आपण कुठे कुठे कमी पडत असू. त्यांचं म्हणणं असं की नातं जोडणं हे आपल्याला कुणी नीट शिकवतच नाही, आणि ते शिकवता येण्यासारखं कौशल्य आहे. मला हे फार पटतं. काही लोकांना ते जन्मजात येतं आणि बाकीच्यांना नाही, असं म्हणणं निदान आपल्या तोंडी तरी शोभत नाही.

आता त्या आईकडे परत येऊ. तिला प्लॅन माहीत आहे, सेंटरमध्ये रोल-प्ले केला की ती अगदी बरोबर करते. मग घरी रात्री का नाही? तू पत्रात लिहिलंयस की तिला परत एकदा ट्रेनिंग देणार आहेस. नको देऊस. जे येतंय ते परत शिकवून काय होणार? मुलगा किंचाळतो, तिच्या मनात येतं की लोक काय म्हणतील, मी आई म्हणून फेल आहे, ती फोन देते, किंचाळणं थांबतं आणि तो विचारही थांबतो. म्हणजे मुलाला फोन मिळाला आणि तिला स्वतःच्या आतल्या आवाजापासून सुटका मिळाली. आपण वर्षानुवर्षं फक्त किंचाळण्याचा ग्राफ काढतो, या दुसऱ्या सुटकेचं नाव पण घेत नाही. एक्सटिंक्शन, म्हणजे किंचाळल्यावर फोन देणं बंद करणं, सांगताना "सुरुवातीला वाढेल, घाबरू नका" एवढं बोलून मोकळे होतो. अगं, ते वाढतं तेव्हा तिने नेमकं काय सहन करायचंय, कशाच्या बळावर, हे कुणी सांगायचं?

ॲक्ट इथे कामाला येतं. हेज, स्ट्रोसाल आणि विल्सन यांनी १९९९ मध्ये ते पुस्तकरूपात सविस्तर मांडलं, ॲक्टमधल्या सहा प्रक्रियांचा षटकोन तू पाहिलेला असशीलच, स्वीकार, विचारापासून थोडं अंतर, आत्ताच्या क्षणाचं भान, स्वतःकडे थोडं बाहेरून पाहणं, मूल्यं आणि मूल्यांना धरून कृती. तो षटकोन पालकांसमोर काढून समजावू नकोस, कुणाला त्यात रस नसतो. तू फक्त दोन गोष्टी कर.

पहिली म्हणजे त्या विचाराशी भांडू नकोस, आणि तिलाही भांडायला लावू नकोस. विचार दाबायला गेलं की तो अजून वर येतो, वेग्नरने १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका सांगून हेच दाखवलं होतं. तिला एवढंच म्हणायला शिकव, "मला आत्ता असा विचार येतोय की मी आई म्हणून फेल आहे." विचार तोच राहतो, पण तो आला म्हणून फोनकडे धावायलाच हवं असं नाही, मधे किंचित जागा मिळते, आणि सुरुवातीला आपल्याला तेवढीच जागा हवी असते.

दुसरी, तिला विचार की हा मुलगा मोठा झाल्यावर या दिवसांतली तुमची कुठली गोष्ट त्याच्याजवळ राहावी असं वाटतं. आणि मग थांब. हा प्रश्न विचारून लगेच पुढचं बोलू नकोस. पालक बराच वेळ गप्प बसतात आणि मग असं काहीतरी म्हणतात, "की मी घाबरले होते तरी त्याच्या जवळ होते." मग प्लॅन या वाक्यातून बांध. किंचाळणं सुरू झालं की ती एक श्वास घेईल, त्याच्या उंचीला खाली बसेल, "फोन"चं कार्ड त्याच्या हाताशी धरेल, त्याने कार्ड दिलं की लगेच फोन देईल. हो, फोन देईल, सुरुवातीला दर वेळी. कार आणि ड्युरँड यांनी १९८५ मध्येच दाखवलंय की त्याच कारणासाठी संवादाचा दुसरा मार्ग दिला की त्रासदायक वागणं कमी होतं, आणि यात आईला किंचाळणं संपेपर्यंत दात-ओठ खाऊन बसायची गरज पण पडत नाही. थांबायला शिकवणं, वेळ वाढवणं, हे सगळं मागाहून, हळूहळू. आणि मोजायचं काय, तर ती किती वेळा खाली बसली आणि कार्ड धरलं ते. तिला कमी वाईट वाटलं का हे विचारलंस तरी हरकत नाही, पण आपला मुख्य आकडा तो नाही. गूल्ड, टारबॉक्स आणि कॉइन यांनी २०१८ मध्ये पालकांबरोबर ॲक्ट केलं तेव्हा पालक मूल्यांना धरून प्रत्यक्ष काय करतात ते मोजलं होतं, आपल्यासाठी तो नमुना चांगला आहे.

मात्र या सगळ्याच्या आधी एक बघ. प्लॅनच अशक्य असेल तर ॲक्ट वापरून तो तिच्या गळी उतरवायचा नाही. ती झोपते किती, घरात दुसरं मूल आहे का, रात्री मदतीला कोण असतं, हे विचार आणि आधी प्लॅन छोटा कर. दमलेल्या माणसाला दम खायला जागा हवी असते, तिथे मूल्यांचा व्यायाम करायला लावणं हा अन्याय आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, हे आपल्या विज्ञानात बसतं का. बसतं, आणि बाहेरून आणून बसवावं लागत नाही. आपल्या विज्ञानाचा पाया घालणाऱ्या स्किनरने १९४५ सालीच लिहिलं होतं की त्वचेच्या आत जे घडतं, विचार, वेदना, तेही वागणंच आहे आणि त्याचं विश्लेषण व्हायला हवं. "आम्ही फक्त दिसतं तेच बघतो" ही भूमिका त्याची नव्हतीच, आपण ती सोयीची म्हणून धरली. सिडमनने १९७१ मध्ये दाखवलं की ऐकलेला शब्द, चित्र आणि लिहिलेला शब्द यांच्यातले काही संबंध शिकवले की बाकीचे न शिकवताही तयार होतात, त्या धाग्यावरून पुढे भाषेवरचं काम वाढत गेलं आणि २००१ मध्ये हेज, बार्न्स-होम्स आणि रोश यांनी रिलेशनल फ्रेम थिअरी, म्हणजे आपण शब्द आणि गोष्टी एकमेकांशी कशा जोडतो याची थिअरी, पुस्तकरूपात मांडली. एखाद्या आईला "फेल" हा नुसता शब्द इतका का बोचतो, कधीच न घडलेल्या गोष्टीची भीती तिला आज रात्री का वाटते, याचं वर्तनाच्या भाषेतलं उत्तर तिथून येतं, आणि ॲक्ट त्यावर उभं आहे. आणि मॉन्ट्रोज वुल्फ तर १९७८ मध्येच सांगून गेला की ध्येय महत्त्वाचं आहे का, पद्धत पटणारी आहे का, आणि झालेल्या बदलाने लोक समाधानी आहेत का, हे ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना विचारावं लागतं. ते विचारणं आपण फॉर्मच्या शेवटच्या पानावर ढकललं, हे मला आजही लागतं.

हद्द मात्र सांभाळ. टारबॉक्स, झाबो आणि ॲकलन यांनी २०२० मध्ये नीट लिहिलंय की ॲक्ट हे ट्रेनिंग म्हणून, ठरवलेल्या प्रत्यक्ष वागण्यासाठी वापरलं तर आपल्या कामात बसतं. आईचं डिप्रेशन बरं करणं हे तुझं काम नाही. जगायची इच्छा नाही असं कुणी म्हटलं, घरात मारहाण होतेय असं कळलं, जुना आघात वर यायला लागला, तर तिथे योग्य माणसापर्यंत पोचवायचं, आणि नुसता नंबर देऊन नाही, पोचल्या का ते पण विचारायचं. आणि दोन वर्कशॉप करून हे येत नाही, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, रेकॉर्डिंग दाखवत, बराच काळ करावं लागतं.

आता जे मला तुला सगळ्यात जास्त सांगायचंय ते.

स्वीकार हा शब्द आपल्या हातात पडला की त्याचा गैरवापर फार पटकन होतो, आणि तो नेहमी ज्याची ताकद कमी त्याच्यावर होतो. मुलाला ट्यूबलाइटचा त्रास होतोय तर लाइट बदलायची, त्याला त्रासाचा स्वीकार शिकवायचा नाही. मूल टेबलावरून हात काढून घेतंय, मान फिरवतंय, खुर्चीतून घसरून खाली जातंय, तर ते नाही म्हणतंय. बोलता येत नसलं तरी नाही म्हणतंय. तू बऱ्याच ठिकाणी बघशील की लोक तो हात पकडून परत टेबलावर ठेवतात आणि शीटवर "प्रॉम्प्टेड", म्हणजे मदतीने केलं, असं लिहितात. तू तो हात पकडू नकोस. थांब, काय नको झालंय ते बघ, काम बदल, सोपं कर, ब्रेक दे, ते स्वतःहून परत आलं की मग सुरू कर. परत येत नसेल तर तुझ्या शिकवण्यात तिथे परत यावं असं काही नाहीये, हा पण डेटाच आहे. मूल असेंट, म्हणजे स्वतःची संमती, देतंय आणि काढून घेतंय हे कशावरून ओळखायचं ते प्रत्येक मुलासाठी आधीच लिहून ठेव, हसू, जवळ येणं, स्वतःहून वस्तू उचलणं, आणि दुसऱ्या बाजूला दूर जाणं, अंग ताठ होणं, आवाज बदलणं. आपल्याच फील्डमधला हॅन्ली आणि त्याच्याबरोबरचे लोक मूल आनंदी, निवांत आणि रमलेलं आहे का इथून सुरुवात करतात, मला ती सुरुवात आवडते.

आपला इतिहास तुला माहीत असायला हवा, म्हणून लिहिते. लोव्हासच्या १९८७ च्या ज्या अभ्यासावर ऑटिझमची एवढी सर्व्हिस उभी राहिली त्यात जोरात "नो" म्हणणं आणि कधी मांडीवर चापट मारणं हे पद्धतीचा भाग होतं. विजेचे झटके शिक्षा म्हणून वापरायला आमचा विरोध आहे, असं आपल्या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या संघटनेने, एबीएआयने, म्हटलं ते २०२२ मध्ये. अशा पद्धतींमध्ये मोठे झालेले ऑटिस्टिक लोक आज सांगतात की आम्हाला त्रास झाला, आम्ही फक्त त्रास लपवायला शिकलो, तर तू वाद घालू नकोस, "आमच्याकडे आता असं नसतं" हे पण लगेच म्हणू नकोस. ऐकून घे आणि मग स्वतःच्या प्रोग्रॅमची फाइल उघडून बघ. डोळ्यात बघायला लावणारं टार्गेट आहे का? हात फडफडवणं थांबवायचं टार्गेट आहे का? कुणासाठी आहे ते? त्या हातांमुळे मुलाला काही इजा होत नसेल, शिकणं अडत नसेल, तर ते काढून टाक, आणि पालकांना ते हवं असेल तर त्यांच्याशी बोल, त्यामागे कुठली भीती आहे ते ऐक. स्वीकाराचं काम खरं तर इथे आहे, मोठ्या माणसांच्या बाजूला. २०२२ च्या जानेवारीपासून लागू असलेल्या बीएसीबीच्या, म्हणजे बिहेवियर ॲनालिस्टना सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डाच्या, आचारसंहितेत करुणा, प्रतिष्ठा आणि आदर हे मूळ तत्त्वांमध्येच आहे, त्यामुळे कुणी तुला म्हटलं की हे भावनिक होतंय तर ते पान उघडून दाखव.

तुझ्या स्वतःबद्दल थोडंच लिहिते. तू पत्राच्या शेवटी एक ओळ टाकून दिलीयस, की घरी जाताना वाटतं मी या कामाला लायक नाही. आईचं वाक्य आणि तुझं वाक्य शेजारी ठेवून बघ, एकच आहे. तेव्हा जे तिला शिकवणार आहेस ते आधी तू कर, सेशनच्या आधी गाडीत किंवा जिन्यात, "मला असा विचार येतोय की" एवढं जोडून. आणि हा विचार आला की तू काय काय टाळतेस ते बघ. मला वाटतं तू अवघड पालकांचे फोन संध्याकाळवर ढकलतेस, पत्रावरून तरी तसं दिसतंय, खरं-खोटं तू सांग. आणि कामाचे तास खरंच जास्त झाले असतील तर तो स्वीकारायचा विषय नाही, तास कमी करून घ्यायचे, त्यासाठी तुझ्या बाजूने बोलायला मी आहे.

पुढच्या सुपरव्हिजनला ग्राफ नको आणूस. त्या आईबरोबरच्या पुढच्या सेशनची दहा मिनिटं आण, तिची परवानगी परत विचारून, आणि ती जिथे काही दुखरं बोलली तिथे तुझं पुढचं वाक्य कागदावर लिहून आण. आणि तुझ्याकडच्या सगळ्यात लहान मुलासाठी असेंटची यादी, दोन्ही बाजू, हो ची आणि नाही ची. नाहीची बाजू भरताना अडलीस तर त्याच्या आईला विचार, तिला सगळं माहीत असतं.

तुझी,
मॅडम